डग्गा कुठे गेला?

प्रश्न : खिशातल्या म्युझिक प्लेअरला नवे इन-इअर हेडफोन लावले. आवाज पातळ येतो, तबल्यातला डग्गा तर ऐकूच येत नाही. प्लेअर बदलू का?

उत्तर : प्लेअर राहू द्या. तुमचा डग्गा बहुतेक टिपच्या (इअरफोनच्या टोकावरच्या मऊ टोपीच्या) फटीतून बाहेर जातोय. इन-इअरने कानाची नळी हवाबंद केली नाही, तर सगळ्यात आधी खर्जच पळतो. डब्यात लहान-मोठ्या टिपा असतात, पण लोक मधली लावून मोकळे होतात. सगळ्या लावून बघा; दोन कानांना वेगळं माप लागलं तरी बिनधास्त वापरा. बसवताना दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, इअरफोन आत सरकवा, मग कान सोडा. नीट बसला की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. सिलिकॉन जमतच नसेल तर फोमची टिप घ्या. ती चिमटीत दाबून आत घालायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची.

एकाच बाजूचा आवाज बारीक असेल तर जाळी उजेडात धरून बघा, मळ साचला असेल. इअरफोनचं तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी नको!

इक्वलायझर (खालचे, मधले, वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची प्लेअरमधली सोय) शेवटी. बेस चढवण्यापेक्षा बाकीच्या पट्ट्या दोन-तीन डेसिबलने उतरवा, आवाज फाटणार नाही. 'बेस बूस्ट'शी माझं कधीच पटलं नाही. गाणी ६४ केबीपीएसची, म्हणजे फार दाबून लहान केलेली एमपी३ असतील तर मात्र इलाज नाही. सीडी असेल तर तिच्यावरून फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये) पुन्हा घ्या.

आणि टिप बसली की बाहेरचा गोंगाट अडतो, तेव्हा व्हॉल्यूमही उतरवा.