बाळाचं रडणं बाबाला का कळत नाही?

"मावशी, माझी लेक साडेपाच महिन्यांची आहे. बाळंतपणाला मिरजेला माहेरी होते, तीन महिन्यांनी पुण्याला आले. पुढच्या महिन्यात रजा संपतेय. नवरा स्वभावाने चांगला आहे, पण रात्री ती रडली की मलाच हलवून उठवतो. म्हणतो, 'तुला रडण्यावरून कळतं तिला काय हवंय. आम्हा पुरुषांना निसर्गाने ते दिलंच नाही, हार्मोन्सच वेगळे.' त्याने घेतलं की ती जास्तच रडते, मग मीच घेते. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या म्हणतात, आईची माया ती आईची माया. मला तर पहिले पंधरा दिवस काहीच कळत नव्हतं, तिच्याबरोबर मीही रडायचे. माझ्यातच काही कमी आहे का?"

अगं, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू शेवटी, लाजत लाजत लिहिलंस. पहिले पंधरा दिवस तुलाही काही कळत नव्हतं. मग कळायला लागलं ते कशाने? मिरजेला तुझी आई शेजारी होती. न्हाऊ घालताना मान कशी धरायची, खांद्यावर घेऊन ढेकर कसा काढायचा, हे रडणं भुकेचं नाही, पोट दुखतंय, बेंबीभोवती हिंग लाव. रोज, दिवसातून दहादा. त्या तीन महिन्यांत तुझा नवरा काय करत होता? शनिवारी यायचा, झोपलेल्या लेकीचे फोटो काढायचा, रविवारी परत. (तू हे लिहिलेलं नाहीस, पण मी पैज लावते.)

माहेरच्या बाळंतपणाच्या मी विरुद्ध नाही. बाळंतिणीला ती विश्रांती हवीच. पण ही रीत एकीची तीन महिने शिकवणी घेते आणि दुसऱ्याला कोरा ठेवते. कायदाही तोच. तुला 26 आठवडे रजा, खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात एक दिवसही नाही. मग चौथ्या महिन्यात दोघं एका खोलीत येतात, आणि त्यांच्यातला फरक बघून घरचे म्हणतात, निसर्ग!

निसर्ग आहेच. नऊ महिने तू वाढवलंस, दूध तुला येतं, पाजताना तुझ्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन स्रवतं. त्यावर वाद घालू नकोस, हरशील. पण रडणं ओळखणं? फ्रान्स आणि काँगोमधल्या आईबापांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. इतर बाळांच्या रडण्यातून आपल्या बाळाचं रडणं ओळखायचं होतं. रोज चार तासांहून जास्त बाळासोबत असणारे बाप आयांइतकेच पक्के निघाले. मागे पडले ते त्याहून कमी वेळ देणारे. आया सगळ्याच चार तासांच्या वर होत्या, हे काय वेगळं सांगायचं.

आता त्याचे लाडके हार्मोन्स. फिलिपाईन्समधल्या सेबूत 624 तरुणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, 2005 मध्ये मोजलं आणि 2009 मध्ये पुन्हा. आधी एकटे असलेले जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं चांगलंच उतरलं होतं. बापांमध्येही रोज तीन तास किंवा जास्त मुलाचं करणाऱ्यांचं, अजिबात न करणाऱ्यांपेक्षा कमी होतं. (पौरुषाला धक्का बसला तर त्याला हेही सांग: आधी ज्यांचं जास्त होतं, तेच पुढे बाप व्हायची शक्यता जास्त होती.) म्हणजे ज्या हार्मोन्सची तो सबब सांगतोय, ते कायमचे ठरलेले नसतात, बाप झाल्यावर बदलतात.

आता तुझ्याकडे वळते. "मग मीच घेते." इथे तू चुकतेस. तो दोन मिनिटं घेतो, ती रडते, तू दारात उभी असतेसच, लगेच हात पुढे करतेस. त्याची शिकवणी दर वेळी दुसऱ्याच मिनिटाला सुटते.

या रविवारी तिला पोटभर पाज, दूध काढून ठेव, वाटी-चमच्याने पाजता येतं, आणि घराबाहेर जा. शेजारच्या खोलीत नाही, बाहेर. चार तास. फोन उचल, पण उपाय सांगू नकोस. कुंची उलटी बांधली तरी बाळाला काही होत नाही. सोमवारपासून तेल लावून न्हाऊ घालायचं काम त्याचं. रात्री तिला तुझ्याजवळ आणून देणं, पाजून झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणंही त्याचंच.

सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना कामाला लाव. तुझ्या आईने तुला शिकवलं, तसं त्यांनी आपल्या लेकाला शिकवावं. मान कशी धरायची हे त्यांच्याइतकं त्याला कोण सांगणार?

तुझ्यात काही कमी नाही. पहिल्या रविवारी लेक रडेल, बाबाही रडकुंडीला येईल. तुला पंधरा दिवस लागले होते ना, त्यालाही तेवढे दे.