आयएसएलमध्ये नवे संघ कोणत्या शहरांना द्यावेत?

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेत आणखी दोन-तीन संघ घ्यायचे झाले तर ते कुठे असावेत, आणि मोठ्या लोकसंख्येच्या शहरांना आधी संधी मिळावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मिळू नये. आज त्या गावात आयएसएलचा संघ नसतानाही माणसे फुटबॉलच्या सामन्याला गर्दी करतात का, एवढेच आधी पाहावे. बाकीचे निकष त्यानंतर.

2014 मध्ये आठ संघांनिशी स्पर्धा सुरू झाली तेव्हा पुणे आणि दिल्ली ही दोन्ही शहरे त्यांत होती. 2019 मध्ये दोन्हीकडचे संघ गेले. दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला आणि एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. पुण्याचा संघ 2017-18 च्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे खेळ वाईट म्हणून तो गेला असेही म्हणता येत नाही. बालेवाडीचे मैदान उत्तम आहे. पण रात्री साडेनऊ-दहाला सामना संपल्यावर तिथून पेठांत परतणे हाच एक वेगळा सामना असे. पुढे हैदराबादने 2022 मध्ये विजेतेपद पटकावले आणि तरीही 2025 मध्ये तो संघ दिल्लीला हलला, म्हणजे ज्या शहरातून एक संघ उठून गेला होता तिथेच दुसरा येऊन बसला.

याउलट जमशेदपूर पाहा. 2017 मध्ये बंगळूरुबरोबर या गावालाही संघ मिळाला, तेव्हा तिथे टाटा फुटबॉल अकादमीला तीस वर्षे झाली होती. मालक, मैदान आणि प्रेक्षक एकाच गावचे असल्यामुळे संघ हलवण्याचा विचार सहजासहजी कोणाच्या मनात येणार नाही.

या कसोटीवर माझी पहिली पसंती उत्तर केरळला, म्हणजे मलप्पुरम किंवा कोळिकोडला आहे. केरळ ब्लास्टर्स कोचीचा खरा, परंतु सात-सात खेळाडूंच्या ‘सेव्हन्स’ सामन्यांसाठी तात्पुरत्या गॅलऱ्या बांधून रात्र रात्र बसणारा प्रेक्षक मलबारमधला, म्हणजे उत्तर केरळमधला आहे. 2022 ची संतोष ट्रॉफी मलप्पुरम जिल्ह्यातल्या मंजेरीत झाली आणि अंतिम सामन्यात केरळने बंगालला पेनल्टींवर हरवले, तेव्हा राज्यांच्या स्पर्धेलाही मैदान भरते हे दिसले. दुसरी पसंती मिझोरामच्या राजधानीची, ऐझॉलची. आदल्या हंगामात आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून खाली घसरलेल्या आणि गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे परत घेतल्या गेलेल्या ऐझॉल एफसीने 2016-17 मध्ये थेट विजेतेपदच जिंकले.

आता कोल्हापूर. मी तिथलाच असल्यामुळे हा भाग थोडा सावधपणे वाचावा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही आमच्याकडे संघांची नावे आहेत आणि त्यांतली बहुतेक तालमींची आहेत. ज्या मंडळात आजोबांनी लाल मातीत शड्डू ठोकला, त्याच मंडळाचा शर्ट घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. दुपारी चारच्या सामन्यासाठी दोनपासून माणसे जागा धरतात, हलगी कडाडते आणि रेफ्रीने शिट्टी चुकवली तर त्याच्या घरच्यांचीही विचारपूस होते. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

तरीही कोल्हापूरला आज थेट आयएसएलचा संघ देऊ नये, असे माझे मत आहे. आमचे प्रेम पेठेवर आहे, आणि एखाद्या उद्योगसमूहाने शहराच्या नावाने काढलेल्या संघासाठी मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ एका गॅलरीत बसतील याची खात्री मला देता येत नाही. शिवाय आयएसएलच्या परवान्यासाठी लागणारे मैदान, प्रकाशझोत, सरावाची जागा आणि कनिष्ठ गटांचे संघ या गोष्टी गर्दीच्या जोरावर उभ्या राहत नाहीत. त्या नसताना केवळ नाव दिले तर काय होते ते इंटर काशीने दाखवले आहे: नाव वाराणसीचे आणि आय-लीगमधले घरचे सामने बंगालमधल्या कल्याणीत. कोल्हापूरने आधी राष्ट्रीय लीगच्या खालच्या श्रेणीत शहराचा एक संघ उतरवावा आणि घरचे सामने शाहू स्टेडियमवरच खेळावेत. पंजाब एफसी आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग हे 2023 आणि 2024 मध्ये, तेव्हा आयएसएलच्या खालची श्रेणी असलेली आय-लीग जिंकूनच वर आले, त्यामुळे हा रस्ता लांबचा असला तरी बंद नाही. त्या संघाच्या शर्टाचा रंग कोणता असावा यावर मात्र पहिले वर्षभर तरी एकमत होणार नाही.