तेल महाग, मग सोयाबीन स्वस्त का?

प्रश्न : सांवेरजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे, ती वाट्याने दिलेली असून खरिपात तिच्यात सोयाबीनच असते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवले, तेव्हा आता शेतकऱ्याला भाव मिळेल असे सगळीकडे बोलले जात होते. किराणा दुकानात तेल लगेच महागले, परंतु मंडीत आमचा माल हमीभावाच्या खालीच गेला. ज्यापासून तेल निघते तेच स्वस्त, हे कसे? आणि पुढच्या हंगामात माल धरून ठेवावा का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, आणि आपल्याला पडलेल्या कोड्याचे मूळ या नावातच आहे. शेंगदाण्यात किंवा तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते. सोयाबीनच्या एका क्विंटलमधून मात्र साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोंच्या आसपास पेंड उरते, जिला इंदूरचे व्यापारी डीओसी म्हणतात. ही पेंड प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मंडीत बोली लावणारा कारखानदार तेल आणि पेंड या दोहोंतून किती पैसे सुटतील याचा हिशेब करतो, त्यातून गाळपाचा खर्च वजा करतो आणि मगच भाव पुकारतो. तेल किलोमागे १० रुपयांनी चढले तर त्याच्या हिशेबात क्विंटलमागे १८० रुपयांची भर पडते. पण त्याच वेळी पेंड किलोमागे केवळ ३ रुपयांनी उतरली, तर २४० रुपये निघून जातात. तेल महाग होऊनही सोयाबीन उतरते ते असे.

२०२४ मध्ये नेमके हेच झाले. १४ सप्टेंबरपासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलांवरील एकूण शुल्क (मूळ शुल्क आणि त्यावरील उपकर मिळून) ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेले. आपण आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे त्याचा भार दुकानातल्या पिशवीवर तत्काळ दिसला. पेंडीला मात्र या निर्णयाचा काहीच आधार नव्हता. जगातील सोयाबीनपैकी सुमारे चार-पंचमांश ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे तीन देश पिकवतात. ब्राझीलमध्ये हेक्टरी तीन टनांहून अधिक उत्पादन निघते, तर आपल्याकडे ते एका टनाच्या आसपासच रेंगाळते. साहजिकच आपली पेंड परदेशी बाजारात महाग पडते. आपले सोयाबीन जनुकीय बदल न केलेले असल्यामुळे युरोपातील काही ग्राहक त्यासाठी जास्त दाम मोजतात, पण ही मागणी मर्यादित आहे. देशातही मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा खाद्य बनवणाऱ्यांना स्वस्तात मिळू लागला आणि त्याने पेंडीची जागा काही अंशी घेतली. तेव्हा शुल्कवाढीनंतरही मध्य प्रदेशातील मंड्यांत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात राहिले.

केवळ तेलावर शुल्क लावून सोयाबीन उत्पादकाला सावरता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे शुल्क स्थिरही राहत नाही. ग्राहकाला महागाई सोसवेनाशी झाली की ते खाली येते. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलांवरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेलेच. पेंडीची बाजू सावरायची असेल तर एकरी उत्पादन वाढवण्याला पर्याय नाही. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदूरमध्येच आहे. तिच्याकडील सुधारित वाणांचे बियाणे आपल्या वाटेकऱ्यापर्यंत पोचते का, याची चौकशी आपण अवश्य करावी.

आता माल धरून ठेवण्याविषयी. आपली आवक सप्टेंबरअखेर सुरू होते, त्याच सुमारास अमेरिकेतही कापणी चालू असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीपासून ब्राझीलचा नवा माल बाजारात येऊ लागतो. म्हणजे दिवाळीनंतर भाव वाढेलच असे धरून चालता येत नाही. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेल्याची आठवण अजून अनेकांच्या मनात ताजी आहे. परंतु त्याच ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली आणि नवे पीक येईपर्यंत तो भाव बराच खाली आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे व्यवहारही (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच ठरणारे सौदे) बंद करण्यात आले आणि पुढच्या महिन्यांच्या भावाचा अंदाज देणारे एक साधन शेतकऱ्याच्या हातून गेले.

माझा सल्ला असा की, कर्जाचा हप्ता आणि रब्बीचा खर्च भागेल एवढा माल आवकेच्या दिवसांतच विकावा. हमीभावाने सरकारी खरेदी होणार असेल तर नोंदणी मुदतीत करावी आणि दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे याची आधी खात्री करून घ्यावी, कारण तेवढ्यावरून माल परत पाठवला जातो. उरलेला थोडा माल ठेवायचाच असेल, तर वर्तमानपत्रात तेलाच्या भावाबरोबर डीओसीचा भावही रोज पाहत जावा. बियाण्यासाठी राखलेला माल वेगळा आणि कोरड्या जागी, कमी थर लावून ठेवावा; सोयाबीनची उगवणशक्ती फार लवकर घटते.