जठरातल्या आम्लावर प्रोजेक्ट: विषय ठेवा, जीवाणू बदला

घणसोलीहून एका वडिलांनी विचारलंय: मुलगी एस.वाय. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. जठराच्या आम्लात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू कसा तग धरतो, यावर तिला टी.वाय.चा प्रोजेक्ट करायचाय. जमेल का? आणि पुढे नोकरीचं काय?

विषय चांगला आहे, पण कॉलेजच्या लॅबमध्ये पायलोरी नको. त्याला रक्त घातलेला अगार (जीवाणू वाढवायचं जेलीसारखं खाद्य), जेमतेम 5 टक्के ऑक्सिजन, 10 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि 3 ते 7 दिवस लागतात. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा जास्त दिवस राहिल्या, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा उगवला! ताण आला की त्याच्या सर्पिल पेशी गोल होतात आणि प्लेटवर वाढत नाहीत, म्हणजे मोजायचं काय हाच प्रश्न. शिवाय तो रोगकारक. युरिएज या विकराने (एन्झाइमने) युरियापासून अमोनिया बनवून तो आम्ल कसं निभावतो, हे तिने वाचून प्रस्तावनेत लिहावं.

प्रयोगाला ई. कोलायचा निरुपद्रवी के-12 प्रकार घ्या. एक कल्चर (द्रवात वाढवलेले जीवाणू) रात्रभर, 16 ते 18 तास वाढलेलं. दुसरं ताजं, भराभर वाढणारं. दोन्हींची ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशींचं प्रमाण) सारखी करून 0.1 मिली कल्चर पीएच 2.5 च्या 10 मिली एलबी या द्रव खाद्यात, 37 अंशांवर. 0, 30, 60 आणि 120 मिनिटांनी नमुना काढून लगेच पीएच 7.2 च्या फॉस्फेट बफरमध्ये डायल्यूट करायचा आणि प्लेटवर पसरवायचा; जिवंत राहिलेल्या पेशींच्या तिथे वसाहती दिसतात. इथेच मुलं चुकतात: नमुना आम्लातच पडून राहतो, पेशी मरत राहतात आणि 30 मिनिटांचा आकडा खरं तर 40 चा असतो. दुसरी चूक म्हणजे 9 मिलीत 1 मिली कल्चर ओतणं. त्याने पीएच वर सरकतो, म्हणजे आम्ल सौम्य होतं. कल्चर घातल्यावर पुन्हा पीएच मीटर लावावा. 30 ते 300 वसाहतींच्याच प्लेटा मोजाव्यात. ताजं कल्चर झपाट्याने मरेल, जुनं बरंचसं टिकेल, कारण वाढ थांबताना आरपीओएस हे नियामक प्रथिन ताणाची जनुकं आधीच चालू करतं.

नोकरीचं म्हणाल, तर रबाळे-महापे पट्ट्यातल्या औषध आणि अन्न तपासणीच्या लॅबमध्ये हेच डायल्यूशन आणि प्लेट-मोजणी रोज लागते. फक्त बी.एस्सी.वर सुरुवात बहुधा क्यूसीतूनच (गुणवत्ता तपासणीतून) होते. संशोधनच हवं असेल तर एम.एस्सी. आणि सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा धरून चला; खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक जवळच आहे, पण तिथे काम कर्करोगावर चालतं.

के-12 चा स्ट्रेन मिळेल का, हे गाइडना आत्ताच विचारायला सांगा.