विषाणू शिकतोस? सुरुवात वावरातून कर

बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलंस, फार छान केलंस. कुळांची लांबलचक यादी आत्ताच पाठ करू नकोस. नवे विद्यार्थी तिथेच कंटाळतात. कुठलाही विषाणू समोर आला की एवढंच विचार:

- आत डीएनए की आरएनए? एकपदरी की दुपदरी?
- प्रथिनांच्या कवचाचा आकार कसा?
- वर मेदाचं आवरण आहे का?

विषाणूशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांच्या 1971 च्या विषाणू-वर्गवारीचा पायाही पहिल्या प्रश्नातच आहे. तिचे आजचे सात गट मग आपोआप सोपे होतात.

उदाहरणं आपल्याच गावात आहेत. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते: एकपदरी गोल डीएनए, दोन अपुरी वीसपृष्ठी कवचं एकमेकांना चिकटलेली. संत्र्याचा ट्रिस्टेझा म्हणजे आरएनए असलेला लांब, लवचीक दोरा. जनावरांचा लंपी दुपदरी डीएनएचा, आवरण असलेला, देवीच्या विषाणूच्या कुळातला. हे तिघं कागदावर स्वतः काढून बघ.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसेल त्या रोगाला ‘व्हायरस’ म्हणणं. संत्र्याचं ग्रीनिंग जिवाणूमुळे होतं. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि ते तर जिवाणूही नव्हेत! लोणारला एकदा जाऊनच ये.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसत नाहीत म्हणून हिरमुसू नकोस, त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तोवर ग्रॅम रंजनावर, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखण्याच्या पद्धतीवर, हात बसव. जनुकीय क्रम, वंशवृक्ष वगैरे पुढच्या वर्षी बघू.