शके 1772 चा मूळ पुरुष

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आपल्या इतिहास मंडळात तू त्र्यंबकच्या वहीतल्या पानाचा मोबाइलवरचा तो फोटो दाखवलास आणि मी मोडी वाचून सांगितल्यावर एकदम गप्प झालीस. टेबलाशी जातपडताळणीवाल्यांची रांग लागली होती, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी सालाचं मिटवू. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीतल्या लेखात 1772 आहे, एवढ्यावर तुझ्या मोठ्या काकांनी तुमच्या मूळ पुरुषाला थोरल्या माधवरावांच्या फौजेत शिलेदार करून टाकलंय. माधवराव त्याच साली थेऊरला वारले, त्यामुळे गोष्ट झकास जुळते. पण आकड्याआधी ‘शके’ आहे, ते कोणी वाचलंच नाही. शकात 78 मिळव. 1850 आलं ना? पेशवाई 1818 सालीच बुडाली. तुमचा मूळ पुरुष कंपनी सरकारची रयत होता. शिलेदारी करणार तरी कोणाची?

सालांचा हा घोळ नेहमीचाच. पुढेमागे एखाद्या कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असं काही दिसलं तर घाबरू नकोस. दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1172, मराठी दप्तरात चालणारी अरबी आकड्यांची कालगणना. हे साल मृगाला बदलतं, म्हणून महिना बघून 599 किंवा 600 मिळवायचे. तुला एका दुपारी जमेल. मोडीला मात्र वेळ दे. आधी पानभर ओळ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचं, अशी ती लिपी. शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. एकाच कारकुनाचा हात पानंच्या पानं वाचल्याशिवाय ती वश होत नाही.

पण तू गप्प झालीस ती सालामुळे नाही. लेखात वडील, आजे, मातुश्री, भार्या, बंधू अशी सगळी नावं आहेत आणि शेवटी एका ओळीत जनक, म्हणजे जन्म देणाऱ्या, आईबापांची नावं, गाव दुसरं. म्हणजे मूळ पुरुष दत्तक. तुमच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आता काका म्हणतात, छापायच्या वंशावळीत ही ओळ नको, भाऊबंदकीत उगाच चर्चा. आणि तू मला विचारतेस, दोन्ही बाजू कशा सांभाळू?

सांभाळायच्या नाहीत. नावापुढे नोंद हवी. नोंद आहे ते नाव राहणार, नोंद नाही ती गोष्ट ‘घरात सांगतात’ म्हणून वेगळी लिहायची. तिसरा रकाना नाही.

आणि जरा साल बघ गं. 1848 साली साताऱ्याचे छत्रपती वारले, तेव्हा कंपनीने दत्तक नामंजूर करून अख्खं राज्य खालसा केलं. पुढे 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या सरकारी चौकशीने, घरोघरची इनामं उकरून काढली. दत्तक खरा की खोटा, मंजुरी होती की नव्हती, यावर लोकांची जमीन अडकायची. अशा दिवसांत तुमच्या मूळ पुरुषाने त्र्यंबकला जाऊन आपले जनक आईबाप वहीत लिहून दिले. त्याने लपवलं नाही. मग आता लपवणारे तुम्ही कोण?

उलट इनामाच्या दप्तरातल्या वंशावळी जपून वाच. पुण्याच्या पुरालेखागारात गेलीस की त्या भेटतील. सुबक झाडं काढलेली असतात, पण ती इनाम टिकवण्यासाठी सरकारला लिहून दिलेली आहेत. अडचणीची शाखा त्यात निपुत्रिक होऊन जाते. तीर्थाच्या वहीत माणूस पितरांसाठी लिहितो, तिथे खोटं बोलून त्याला मिळणार काय? म्हणून नोंद कुठली, कोणी केली, कशासाठी केली, हे नावापुढे लिहायलाच हवं. नुसतं ‘जुन्या कागदांत सापडलं’ हे मला चालत नाही.

माझा हा हट्ट मंडळात सगळ्यांना जाचतो, मला माहीत आहे. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला माणसं लोटली तेव्हा तर फारच जाचला. ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. माणूस शाळेच्या रजिस्टरचं एक कापलेलं पान घेऊन येतो, वर शाळा नाही, साल नाही, नोंदीचा क्रमांक नाही. मी परत पाठवतो. तो चिडतो, म्हणतो नाव तर आहे ना! नाव आहे रे बाबा, पण ते तुझ्याच आजोबांचं कशावरून? एका गावात एका नावाची तीन-तीन माणसं असतात.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा सुरुवातीलाच आम्ही चितोडहून आलो असं छापायचं ठरलं होतं. पुरावा काय, तर भाट सांगून गेला. मी म्हटलं, छापा, पण ‘परंपरेने सांगतात’ असं लिहा. दोनच शब्द. आमचे थोरले चुलते त्यावरून बिनसले ते बिनसलेच. ग्रंथ निघाला, चितोड तसंच राहिलं, माझं नाव मात्र गळलं. त्यांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिकाही आम्हाला आली नाही. पुढे ते वारले. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी यात्रा पाहिली होती. ते दोन शब्द सोडून दिले असते तर काय बिघडलं असतं, असं सौ. अजून विचारते. बिघडलं असतं. आज त्या ग्रंथाचा हवाला देऊन आमच्याच घराण्यातली पोरं चितोडचा किल्ला ‘आपला’ म्हणून दाखवत फिरतात. माझं चुकलं नाही. वाईट वाटतं, ते वेगळं.

आणखी एक. तुमच्या हस्तलिखित वंशावळीत बाई एकही नाही. वहीतल्या लेखात मात्र मातुश्री आहे, भार्या आहे, आणि जनक आईसुद्धा नावानिशी आहे. ही सगळी नावं घाल. त्यांना नोंद आहे, म्हणजे जागा आहे. काकांना यावर काही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्याशी बोलावं.

आता काम. जनक बापाचं गाव लेखात स्वच्छ आहे. तिथल्या तहसील कार्यालयात गाव नमुना 14, आपण कोतवाल बुक म्हणतो ते, मिळतं का बघ. त्यात जन्म-मृत्यू सापडतील. 1850 इतकं मागे ते जाणार नाही, पण त्या घरची पुढची पिढी कळेल. त्याच गावची पानं त्र्यंबकच्या उपाध्यांकडे निराळी असतील, तीही विचार. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, सोडू नकोस, वारसांची नावं तिथेच लागतात. फोटो काढताना पान पूर्ण घे, वरचं गावाचं नाव आणि वहीचा पुठ्ठासुद्धा. परवाचा तुझा फोटो डावीकडे कापलेला होता. तेवढ्यासाठी पुन्हा त्र्यंबकला जावं लागेल. जा.

येत्या रविवारी काकांना घेऊन ये. भांडायला आले तरी हरकत नाही. ‘शके’ हा शब्द त्यांना भिंगाखाली मीच दाखवेन.

तुझा,
मंडळातला काका