जीआरईचा निबंध: हुशार मुलं कुठे अडकतात

जीआरईत, म्हणजे परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी द्यायच्या प्रवेशपरीक्षेत, गणितात १७०पैकी १६८ आणि निबंधात ६पैकी ३.५ असा निकाल दिसला म्हणजे इंग्रजी कच्चं, असं समजू नकोस. हुशार पोरांचा घोळ वेगळाच असतो. विषय वाचला की त्यांना दोन्ही बाजू दिसतात आणि अर्ध्या तासातली दहा मिनिटं खरं काय हे ठरवण्यातच जातात. तिथे ते कोणी विचारत नाही. तुझी भूमिका तू पटवून देतोस का, एवढंच बघतात. सप्टेंबर २०२३पासून निबंधही एकच उरलाय, त्यामुळे दुसऱ्यावर भरून काढायची सोय गेली.

म्हणून तीन-चार मिनिटांत बाजू ठरव आणि लिहायला लाग. उदाहरण एकच घे, पण खोलात जा. विषय सरकारी संशोधनखर्चाचा असेल, तर पाच देशांची नावं फेकण्यापेक्षा अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९मध्ये अर्पानेट हे संगणकांचं जाळं कसं उभं राहिलं आणि त्यातून पुढे इंटरनेट कसं आलं, ते चार वाक्यांत उलगड.

वहीत सुंदर लिहिणारे टायपिंगमध्येही मार खातात. परीक्षेत स्पेलचेक नसतो, तेव्हा सराव साध्या नोटपॅडवरच कर. विषयांची अख्खी यादी परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवर फुकट आहे. त्यातला कुठलाही उचल, घड्याळ लाव. पाठ केलेली सुरुवात मात्र चिकटवू नकोस, ती लगेच ओळखू येते.